कानाचें शिक्षण

वार्षिक संमेलन जवळ आलें म्हणजे पुष्कळ शाळांतून एक गोष्ट हमखास घडते. समूहगीतासाठीं मुलें निवडण्यास प्रारंभ होतो. शिक्षक पेटीवर स्वर धरतात, मुलें एकेक करून गातात, आणि ज्यांचा स्वर लागत नाहीं अशा पांचसहा मुलांस परत वर्गांत पाठविण्यांत येतें. किंवा, अधिक दयाळूपणानें, "तुम्ही रांगेंत उभे राहा, पण नुसते ओठ हलवा," असें त्यांस सांगतात. कार्यक्रम चांगला व्हावा हा हेतु वाईट नाहीं. परंतु ज्या मुलांच्या कानास शिक्षणाची सर्वांत अधिक गरज, त्यांचेंच शिक्षण आपण अशा रीतीनें बंद करतों, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. प्रस्तुत लेखांत आम्ही याच मुलांची बाजू मांडणार आहों. संगीत हें केवळ गवई तयार करण्याचें साधन नसून, लक्ष देऊन ऐकणें व स्पष्ट बोलणें या दोन गोष्टींचें तें शिक्षण आहे, असें आमचें मत आहे. तें कां, आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, हें विद्यार्थ्यांस समजेल व पालकांस उपयोगी पडेल अशा भाषेंत सांगण्याचा आम्ही प्रयत्न करूं.

प्रथम कानाकडे वळूं. शास्त्राच्या तासाला आपण बाह्यकर्ण, मध्यकर्ण व अंतःकर्ण अशी आकृति काढतों आणि तिला नांवें देऊन मोकळे होतों. हवेंतील कंप पडद्यावर आदळतात, मध्यकर्णांतील तीन इवलीं हाडें ते आंत पोंचवितात, आणि गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या एका नळींत ते शिरतात. या नळींत सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. त्यांपैकीं मेंदूकडे वार्ता नेण्याचें मुख्य काम करणाऱ्या पेशी प्रत्येक कानांत सुमारें ३,५०० आहेत. त्यांची मांडणी पेटीच्या पट्ट्यांसारखी असते. नळीच्या तोंडाशीं असलेल्या पेशी उंच स्वरांस जाग्या होतात, आंतल्या टोकाच्या पेशी खालच्या स्वरांस. या पेशी एकदां मेल्या कीं माणसाच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडेल.

परंतु कान हा केवळ टपालवाला आहे. पत्र वाचणारा मेंदू आहे, आणि वाचावयास त्याला शिकावें लागतें. हें शिक्षण किती लवकर सुरू होतें याचें नवल वाटतें. १९८० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें आढळलें कीं, अवघ्या तीन दिवसांच्या आंतलीं बालकें, परक्या बाईचा आवाज न येतां आईचा आवाज ऐकूं यावा म्हणून, तोंडांतील बोंडी चोखण्याची आपली रीति बदलतात. पुढें १९८४ सालीं कॅनडांतील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनीं प्रसिद्ध केलेले प्रयोग तर आपल्याच अक्षरांविषयीं आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांस हिंदींतील दंत्य त व मूर्धन्य ट हे निरनिराळे आहेत असें ओळखतां येत होतें. वर्षाचें होत आलेल्या मुलांपैकीं बहुतेकांस तें येईनासें झालें. त्यांच्या घरांत तो भेद कोणी बोलत नव्हतें, म्हणून मेंदूनें तो सोडून दिला! आपल्या घरांतील मूल तो भेद राखतें, कारण आई "ताक" म्हणते तें निराळें आणि "टाक" म्हणते तें निराळें, हें त्याच्या कानांवर रोज पडत असतें.

मराठीनें कानावर सोंपविलेलें काम सोपें नाहीं. "काल" आणि "खाल" यांत भेद काय, तर थोडासा श्वास. "मन" आणि "मण" यांत भेद जिभेचें टोक कोठें लागलें एवढाच. "चार" या संख्येंतील च आणि "चारा" या शब्दांतील च लिहावयास एकच, पण उच्चारांत दोन. हे सारे भेद सेकंदाच्या कांहीं शतांश भागांत घडून जातात. शिवाय भाषेंतील स्वर दांडगे असतात व व्यंजनें दुबळीं असतात. आ, ओ, ए हे दूरवर ऐकूं जातात. स, श, फ यांसारख्या वर्णांचा आवाज उंच व बारीक असून तो वाटेंतच विरतो. मोकळ्या जागेंत बोलणाऱ्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची पातळी सुमारें ६ डेसिबलनें उतरते. आतां शाळेच्या वर्गाचें चित्र डोळ्यांपुढें आणा. पंखा घरघरतो आहे, रस्त्यावरून मोटारी जात आहेत, शेजारच्या वर्गांत पाढे चालले आहेत, आणि शेवटच्या बाकावर एक मुलगा बसला आहे. त्याला बाईंचे स्वर ऐकूं येतात. व्यंजनें मात्र तो अदमासानें भरून काढतो. तो "हजर" म्हणतो, वळून पाहतो, हांक मारली तर येतो. म्हणून त्याला ऐकूं येतें अशी सर्वांची खात्री असते. शुद्धलेखनांत तो ख च्या जागीं क लिहितो, गणितांत सांगितलेला आंकडा चुकवितो, आणि प्रगतिपुस्तकांत शेरा पडतो: "लक्ष देत नाहीं."

कांहीं वेळां हा शेरा खरा असतो. कांहीं वेळां मात्र दोष कानाचाच असतो. वारंवार पडसें होणाऱ्या लहान मुलांच्या मध्यकर्णांत द्रव सांचून राहतो. कान फुटत नाहीं, पुष्कळदां दुखतही नाहीं. आवाज मात्र कानांत बोटें घातल्याप्रमाणें मंद येतो, आणि हें कित्येक आठवडे चालतें. आणखी कांहीं मुलांचा कान निरोगी असतो, पण गोंगाटांतून हवा तो आवाज वेंचून काढण्याची संवय त्यांस लागलेली नसते. पहिल्यास वैद्य पाहिजे. दुसऱ्यास शिक्षण पाहिजे, आणि येथें संगीत उपयोगी पडतें.

तें कसें? गाणाऱ्या मुलाकडून संगीत काय मागतें हें पाहिलें म्हणजे उत्तर मिळतें. स्वर उंच कीं नीच, लांब कीं आंखूड, कोणामागून कोण आला, हा आवाज सतारीचा कीं बांसरीचा. नेमकीं हींच परीक्षा भाषेंतही कान देत असतो. भेद एवढाच कीं भाषा कानाची चूक पोटांत घालते. "मला पाणी दे" यांतील एखादें अक्षर हरवलें तरी अर्थावरून तें कळतें, आणि आपण भांडें पुढें करतों. संगीतांत अशी सवलत नाहीं. पंचम थोडा उतरला तर तो उतरलाच. मात्रा चुकली तर समेवर सर्वांसमक्ष फजिती होते. अनिरुद्ध पटेल या संशोधकांनीं २०११ सालीं असा विचार मांडला कीं, मेंदूंतील जे मार्ग भाषा व संगीत या दोहोंच्या उपयोगीं पडतात, त्यांजकडून संगीत अधिक काटेकोर काम करून घेतें, तें आनंदानें व पुनःपुन्हां करून घेतें, आणि म्हणून त्याचा लाभ भाषेसही मिळतो. तालमींत जड मुद्गल फिरविणाऱ्यास घरची कळशी हलकी वाटावी, असाच कांहींसा हा प्रकार आहे.

याला प्रयोगाचा आधार आहे काय, असें चिकित्सक वाचक विचारतील. आणि त्यांनीं तें विचारावेंच. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरांत गरीब वस्त्यांतील मुलांस संगीत शिकविणारी "हार्मनी प्रोजेक्ट" नांवाची संस्था आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नीना क्राउस व त्यांचे सहकारी यांनीं तेथील मुलांच्या डोक्यास विजेचे सूक्ष्म प्रवाह टिपणारे तार लावून, ब आणि ग यांसारखीं जवळजवळचीं अक्षरें मेंदू किती स्पष्टपणें वेगळीं ठेवतो हें मोजलें. त्यांचा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. एक वर्षाच्या शिक्षणानंतर फरक दिसला नाहीं. दोन वर्षांच्या शिक्षणानंतर मात्र तो दिसला. आम्हांस या प्रयोगांतील पहिला अर्धा भाग दुसऱ्याइतकाच मोलाचा वाटतो. सहामाहींत मुलाला गाण्याच्या वर्गास घालून वार्षिक परीक्षेंत फळ मागणाऱ्या पालकांनीं तो अवश्य ध्यानांत घ्यावा. त्याच प्रयोगशाळेच्या दुसऱ्या एका पाहणींत, ज्या मुलांनीं हातांत वाद्य घेऊन वाजविलें त्यांस लाभ झाला. ज्यांस संगीताची केवळ ओळख करून दिली त्यांस तसा झाला नाहीं.

म्हणजे नुसतें ऐकून भागत नाहीं. याविषयीं एक मौजेची हकीगत सांगण्यासारखी आहे. १९९३ सालीं कॅलिफोर्नियांत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस मोझार्टची एक रचना दहा मिनिटें ऐकविली, तेव्हां कागदाच्या घड्यांच्या एका कोड्यांत त्यांचे गुण थोडे वाढले. ही वाढ पाव तासही टिकली नाहीं. पण वर्तमानपत्रांनीं तिचा "बुद्धि वाढविणारें संगीत" असा डांगोरा पिटला, आणि १९९८ सालीं जॉर्जिया संस्थानाच्या गव्हर्नरांनीं प्रत्येक नवजात बालकास संगीताची एक तबकडी सरकारनें द्यावी अशी सूचना केली! तबकडी विकणाऱ्यांचें कल्याण झालें असेल. बालकांचें त्यामुळें विशेष कांहीं झाल्याचें दिसत नाहीं. संगीतानें गणित सुधारतें, एकंदर बुद्धि वाढते, असें सांगणाऱ्या प्रयोगांची साला व गोबे या संशोधकांनीं २०२० सालीं एकत्र छाननी केली. तेव्हां प्रयोग जितका काटेकोर तितका लाभ कमी, असें त्यांस आढळलें. म्हणून आम्ही पालकांस वाढीव गुणांचें आमिष दाखवीत नाहीं. कानाचें शिक्षण एवढेंच आमचें म्हणणें, आणि तें थोडें नाहीं.

सर्व मुलांस गातां आलें पाहिजे हा विचार कांहीं नवा नाहीं. इंग्लंडांत १८४१ सालीं हल येथें रविवारच्या शाळांच्या शिक्षकांची एक परिषद भरली होती. तीत जॉन कर्वेन नांवाच्या एका तरुण धर्मोपदेशकास मुलांना गाणें शिकविण्याची सोपी रीति सुचविण्याचें काम सांगण्यांत आलें. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेची पद्धति त्यांनीं हातीं घेतली व वाढविली. या पद्धतींत पहिला स्वर गळ्यास सोसेल तेथें धरावयाचा आणि बाकीचे त्याच्या नात्यानें ओळखावयाचे. आपल्या षड्जाचें दुसरें काय आहे? पुढें हंगेरींत झोल्तान कोदाय या संगीतकारांनीं हीच वाट धरली, आणि १९५० सालीं त्यांच्या जन्मगांवीं, केचकेमेत येथें, रोज गाणें शिकविणारी प्राथमिक शाळा निघाली. आपल्याकडे कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे दारूकामाच्या अपघातांत अधू झाले. तो मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ गाणें शिकला, आणि १९०१ सालीं त्यानें लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. तेच पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. १९०८ सालीं त्यांनीं मुंबईस शाखा उघडली. सामान्य गृहस्थांच्या मुलामुलींस शाळेसारखे वर्ग भरवून संगीत शिकवितां येतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

आतां आमच्या मतें या विषयांतील सर्वांत सुंदर गोष्टीकडे येऊं. ती परदेशांत शोधावयास नको. तबल्याच्या वर्गांत सांपडते. तबलजी बोटें चालविण्यापूर्वीं बोल तोंडानें म्हणतो. याला पढंत म्हणतात. जें तोंडांत बसलें नाहीं तें हातांत बसत नाहीं, हा तेथील नियम. त्रितालाचा ठेका घ्या. सोळा मात्रा, चार चार मात्रांचे चार भाग. पहिल्या दोन भागांत "धा धिं धिं धा" असें येतें. तिसऱ्या भागांत "धा तिं तिं ता" असें होतें, आणि चौथा "ता धिं धिं धा" असा सुरू होतो. धिं चें तिं कां झालें? कारण तेथें खाली आहे, आणि डग्ग्याचा घुमारा काढून घेतलेला आहे. व्याकरणाच्या तासाला आपण घोष व अघोष वर्णांची यादी पाठ करतों. येथें तोच भेद चामड्यावर वाजतो! विद्यार्थ्यांनो, कंठावर दोन बोटें ठेवून प्रथम "धिं" म्हणा, मग "तिं" म्हणा. पहिल्यांत आरंभापासूनच बोटांखालीं कंप लागतो. दुसऱ्यांत त सुटल्यावर मागाहून लागतो. डग्गा जें करतो तेंच तुमचा कंठ करतो. पटेल व जॉन आयव्हर्सन यांनीं २००३ सालीं तबल्याचे बोल व त्यांचे आघात यांची यंत्रांनीं तुलना केली, तेव्हां बोलांतील अक्षरें आघाताच्या नादाशीं खरोखरच जुळतात असें दिसलें. ज्यांनीं तबला कधीं शिकला नव्हता त्यांसही कोणता बोल कोणत्या आघाताचा हें बऱ्याच अंशीं ओळखतां आलें. आणि "तिरकिट" हा बोल पाहा. दंत्य त, लगेच र, मग कंठांतील क, शेवटीं मूर्धन्य ट. जिभेस सबंध मुखाची प्रदक्षिणा घडते. ज्या मुलाची जीभ जड आहे त्यास "नीट बोल" असें शंभर वेळां बजावण्यापेक्षां रोज पांच मिनिटें "तिरकिट" म्हणावयास लावणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें. पहिल्यास तो लाजतो, दुसऱ्यास हंसतो.

घरीं हें करण्यास पेटीतबला पाहिजेच असें नाहीं. लहान मुलाबरोबर घरांतल्यांच्या नांवांवर टाळ्या वाजवाव्या. "मा-धु-री" तीन, "सु-मन" दोन; कोणाच्या नांवाला किती टाळ्या हें त्यानें सांगावें. शब्द हा अक्षरांच्या तुकड्यांचा बनलेला आहे ही जाणीव वाचनाचा पाया आहे. ज्या मुलांस वाचन फार जड जातें त्यांपैकीं पुष्कळांस ठोक्याबरोबर टाळी देणेंही जड जातें, असें केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांच्या संशोधनावरून दिसतें. नंतर तुम्ही चार ठोके टेबलावर द्यावे व मुलानें ते जसेच्या तसे परत द्यावे. मग डोळे मिटून. मग दुसऱ्या खोलींतून. मग नळ सोडून त्याच्या आवाजांत. गोंगाटांतून ऐकण्याचा अभ्यास होतो तो असा. थोड्या मोठ्या मुलांनीं सा रे ग म म्हणतांना मधला एखादा स्वर मनांत म्हणावा व पुढचा मोठ्यानें घ्यावा. हें वाटतें त्याहून कठीण आहे. पूर्वीं जात्यावर बसलेल्या बायकांच्या ओव्यांस जात्याची घरघर हीच लय पुरवीत असे, आणि मांडीवर डोकें ठेवून निजलेलें मूल भाषा व ताल एकदमच शिकत असे. जातें गेलें, आजी असेल तर तिला म्हणावयास सांगावें.

ज्याचा स्वर लागत नाहीं त्याजपासून आरंभ लयीनें करावा, स्वरानें नव्हे. लय बहुतेक सर्वांस पकडतां येते. ज्या बधिर मुलांच्या कानांत शस्त्रक्रिया करून विजेचें श्रवणयंत्र बसविलेलें असतें त्यांचाही अनुभव असाच आहे. त्या ३,५०० पेशींचें काम तेथें पंधरावीस विद्युत्‌टोंकांवर भागवावें लागतें. त्यामुळें त्यांस रागाची चाल अस्पष्ट वाटते, ठेका मात्र स्वच्छ कळतो. अशा मुलांस ढोलकी द्यावी. तोतरे बोलणारें मूल गातांना बहुधा अडखळत नाहीं, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. तेवढ्यानें तोतरेपणा बरा होत नाहीं. पण ज्याला वर्गांत वाचावयास उभें राहण्याची धास्ती वाटते त्याला समूहगीतांत आपला आवाज निर्वेध निघतो हा अनुभव मिळूं द्यावा. ओठ हलविण्याची शिक्षा निदान त्यास देऊं नये.

मात्र ज्या कानाचें शिक्षण करावयाचें तो आधीं शाबूत राहिला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनें मुलांसाठीं ७५ डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. आवाज वाढेल तशी ही मुदत झपाट्यानें घटते. मिरवणुकींतील भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांपुढें तान्ह्या मुलास खांद्यावर घेऊन नाचणारे बाप आम्हीं पाहिले आहेत. मेलेल्या पेशी परत येत नाहींत, हें वर सांगितलेंच आहे.

शेवटीं पालकांस एक सूचना. मूल हांकेस सांवकाश उत्तर देत असेल, "काय?" असें वारंवार विचारीत असेल, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत असेल, किंवा दीड वर्षाचें होऊनही अर्थपूर्ण शब्द उच्चारीत नसेल, तर गाण्याच्या शिक्षकाकडे जाण्यापूर्वीं त्याचा कान तपासून घ्यावा. नवजात बालकाची चांचणी पहिल्या महिन्यांत, दोष दिसल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, आणि उपाय सहाव्या महिन्याच्या आंत सुरू व्हावा, असा आज जाणत्यांचा नियम आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत कानाचा विभाग असतो. मुंबईस वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठीं आहे. चांचणींत कांहीं दुखत नाहीं. शाळेंत जाणाऱ्या मुलास एका शांत खोलींत बसवितात, कानांवर यंत्र ठेवतात, आणि बारीकसा सूर ऐकूं येतांच त्यानें बोट वर करावयाचें असतें.